निमुळती टोपी, लाल चामडं आणि फुलानी गुराखी

नाशिकच्या एका वाचकाने फोटोंसह प्रश्न विचारला आहे. त्यांचे वडील 1980च्या दशकात नायजेरियातल्या कानो शहरात कापड गिरणीत नोकरीला होते. परतताना त्यांनी गवताची एक टोपी आणली. तिचा शेंडा निमुळता, काठ रुंद, आणि वरून लाल-काळं चामडं शिवलेलं आहे. इतकी वर्षं ती दिवाणखान्यात खिळ्याला लटकते आहे आणि घरात सगळे तिला ‘आफ्रिकन सरदाराची टोपी’ म्हणतात. खरंच ती सरदाराची आहे का, चामड्यावरच्या नक्षीचा अर्थ काय, मुलीने शाळेच्या वेशभूषा स्पर्धेत घातली तर चालेल का, आणि काठ उसवतोय, आतून बुरशी धरतेय, तिचं काय करावं, असे त्यांचे प्रश्न आहेत.

गवत, कातडं आणि कापड यांच्या जुन्या वस्तूंची निगा राखणं हा माझा व्यवसाय आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या अशा टोप्या कामाच्या टेबलावर अनेकदा आल्या आहेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

टोपी सरदाराची नाही. ती गुराख्याची आहे. फुलानी नावाचा समाज सेनेगलपासून पूर्वेला सुदानपर्यंत, सहाराच्या दक्षिणेच्या कोरड्या पट्ट्यात पसरलेला आहे. ते स्वतःला फुल्बे म्हणवतात, फ्रेंच बोलणाऱ्या देशांत त्यांना पल म्हणतात. संख्येचे अंदाज अडीच ते चार कोटींच्या दरम्यान फिरतात. यातले बरेच जण आज शेतकरी, व्यापारी, मौलवी, प्राध्यापक, मंत्री आहेत. पण समाजाची स्वतःच्या मनातली प्रतिमा आजही गाईंमागे चालणाऱ्या माणसाचीच आहे. त्या गाई वशिंडाच्या, लांब शिंगांच्या असतात. जाता जाता सांगायचं तर वशिंडाच्या गुरांचं मूळ आपल्या उपखंडात आहे, हजारो वर्षांपूर्वी ते वाण आफ्रिकेत पोचलं. या गुराख्याच्या अंगावर तीन गोष्टी हमखास दिसतात: खांद्यावर आडवी टाकलेली काठी, डोक्याला गुंडाळलेलं फडकं आणि त्यावर ही टोपी. फुलानी भाषेत तिला तेंगादे म्हणतात. कानोच्या बाजारात हौसा भाषा चालते, तिथे तिला मलाफा म्हणतात. तुमच्या वडिलांच्या कानावर बहुधा हेच नाव पडलं असेल.

आता टोपी हातात घ्या आणि उलटी करा. विणकाम शेंड्यापासून सुरू होऊन खाली काठाकडे पसरत गेलेलं दिसेल. धागा म्हणजे गवताच्या काड्या किंवा ताडाच्या जातीतल्या झाडांच्या पानांच्या पट्ट्या. शंकूची खोली डोक्याला लागते त्याहून बरीच जास्त असते. टोपी डोक्यावर थेट बसत नाही, फेट्यावर बसते, आणि वर हवेची पोकळी राहते. एप्रिल-मेमध्ये तिथला पारा चाळीसच्या पुढे जातो आणि सावलीला झाड मिळेलच असं नाही, तेव्हा या पोकळीची किंमत कळते. पावसाळ्यात उतरत्या काठावरून पाणी खांद्याच्या बाहेर पडतं. नको असेल तेव्हा चामड्याच्या बंदाने ती पाठीवर टाकायची. काठाचा व्यास साधारण 35 ते 50 सेंटिमीटर असतो, काही त्याहूनही मोठ्या.

चामडं कुठे कुठे आहे ते नीट बघा. शेंड्यावर टोपण, बहुतेकदा त्यावर एक बोंड. काठाला सगळीकडून पट्टी. शेंड्यापासून काठाकडे उतरणारे पट्टे. ही सगळी टोपी झिजण्याच्या जागा आहेत. टोपी काढताना माणूस ती शेंड्याला धरून उचलतो, म्हणून तिथलं गवत आधी तुटतं. काठ फांद्यांना घासतो, जमिनीवर टेकतो, म्हणून तो उसवतो. मधले पट्टे शंकूचा आकार धरून ठेवतात. आधी मजबुती आली आणि मग कारागिराचा हात त्यावर खेळला, हे टाके पाहिले की कळतं. तुमच्या फोटोतही जिथे ताण जास्त तिथे टाके दाट आहेत आणि नुसत्या शोभेच्या त्रिकोणांवर विरळ.

म्हणून ‘नक्षीचा अर्थ काय’ या प्रश्नाला मी जरा सावध उत्तर देतो. इंटरनेटवर अशा टोप्या विकणारे लिहितात की त्रिकोण म्हणजे अमुक, चौकट म्हणजे तमुक, लाल रंग म्हणजे रक्त. यातलं बहुतेक गिऱ्हाइकासाठी रचलेलं असतं. तेच त्रिकोण आणि त्याच चौकटी त्या भागातल्या उशांवर, घोड्यांच्या खोगिरांवर, तलवारीच्या म्यानांवर आणि पुस्तकांच्या बासनांवरही सापडतात. ती चामडं कापणाऱ्याची भाषा आहे, टोपी घालणाऱ्याची नव्हे.

आणि ही दोन माणसं वेगळी असतात. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. आपल्याकडे घोंगडी धनगराची म्हणून ओळखली जाते, पण ती विणणारा सणगर असतो, तसंच काहीसं इथे आहे. मालीतल्या फुलानी समाजात कारागिरांचे जन्मावरून ठरलेले गट आहेत: विणकर माबुबे, सुतारकाम करणारे लाव्बे, लोहार वायलुबे, आणि कातडं कमावून शिवणारे वेगळे. गुरं राखणाऱ्या कुळातल्या माणसाने हातोडी किंवा आरी धरणं परंपरेने कमीपणाचं मानलं गेलं. उत्तर नायजेरियात तर कातड्याचं काम हौसा कारागिरांच्याच हातात. म्हणजे तुमची टोपी ‘फुलानी’ असली, तरी कानोत तिच्यावरचं चामडं शिवणारा माणूस बहुधा फुलानी नसणार. घालणारेही सगळे फुलानी नसतात. मालीतले डोगोन शेतकरी, बुर्किना फासोतले मोसी हेही उन्हात अशाच घाटाच्या टोप्या घालतात. टोपीचा अर्थ तिच्या नक्षीत शोधत बसलं की तो हाती लागत नाही. ती कोण, कुठे, कशावर आणि कुणासमोर घालतो, तिकडे बघावं लागतं.

चामड्याबद्दल आणखी थोडं, कारण निगेचा प्रश्न त्याच्याशी जोडलेला आहे. हे बकऱ्याचं कातडं आहे. ते कमावण्यासाठी तिथे बाभळीच्या शेंगा वापरतात, हौसात त्यांना बगारुवा म्हणतात. ही आपलीच बाभूळ, तीच जात. महाराष्ट्रातले ढोर कारागीर कातडं कमावायला तिची साल वापरत आले, तिकडे शेंगांवर भर. लाल रंग येतो ज्वारीच्या एका खास वाणातून, त्याच्या पानांच्या देठाशी असलेल्या आवरणात तो असतो. काळा रंग लोखंडाच्या गंजक्या तुकड्यांच्या आंबवलेल्या पाण्याने. बाभळीतलं टॅनिन, म्हणजे कातडं कमावणारा तुरट पदार्थ, आणि लोह एकत्र आले की चामडं काळं पडतं. याच मुळे काळे भाग लालपेक्षा आधी तडकतात, लोह चामड्याचा ऱ्हास भराभर करतं. उत्तर नायजेरियातल्या सोकोतो आणि कानोकडचं हे लाल बकऱ्याचं कातडं उंटांवरून सहारा ओलांडून उत्तर आफ्रिकेत जायचं आणि तिथून युरोपात. युरोपातले लोक त्याला ‘मोरोक्को लेदर’ म्हणत राहिले. जुन्या इंग्रजी पुस्तकांच्या लाल बांधणीतलं काही कातडं याच वाटेने आलेलं आहे.

आता कोण घालतो त्याकडे वळतो. फुलानी माणूस कसा असावा याची एक आचारसंहिता आहे, तिला पुलाकू म्हणतात. तिचे मुख्य धागे तीन सांगतात: मुन्याल म्हणजे सोसण्याची ताकद, सेमतेन्दे म्हणजे लाज आणि मर्यादा, हक्कीलो म्हणजे सावधपणा, डोकं ठिकाणावर असणं. भूक लागली तरी चारचौघांत हावरटपणा करायचा नाही, दुखलं तरी ओरडायचं नाही, सासू-सासऱ्यांसमोर आणि थोरल्यांसमोर नजर खाली. हे शब्द मुलाला पाठ करून शिकवत नाहीत, गुरांमागे चालता चालता तो ते शिकतो. रुंद काठाची टोपी या वागण्याला फार साजते, असं माझं मत आहे. काठाखाली डोळे झाकलेले, चेहरा अर्धा फडक्यात, आणि माणूस काठीवर रेलून एका पायावर शांत उभा. हा नुसता देखावा नाही. पण प्रत्येक टोपीतून ‘पुलाकू’ बोलतं असंही मी म्हणणार नाही. ऊन लागतं म्हणूनही माणसं टोपी घालतात.

याच्या अगदी उलट चित्र नायजर आणि चाडमधल्या वोदाबे लोकांत दिसतं. वोदाबे हे फुलानींमधले सर्वांत भटके, लाल रंगाची, मोठ्या शिंगांची गुरं पाळणारे. पावसाळा संपत आला की विखुरलेली कुळं एकत्र येतात. नायजरमधल्या अगादेझ शहराकडच्या इनगाल भागात सप्टेंबरमध्ये खारट माती आणि चाऱ्यासाठी गुरं जमतात, सहारातले तुआरेग उंटवालेही तिथेच येतात. कुळांच्या आपापल्या मेळाव्यांत मग नाच होतात, त्यातले याके आणि गेरेवोल जगभर गाजले. इथे नटतात ते पुरुष. तासन्‌तास आरशात बघून चेहऱ्याला पिवळी किंवा तांबडी भुकटी लावतात, नाकाच्या दांडीवरून कपाळापर्यंत फिकट रेघ ओढतात, ओठ काळे करतात. कारण दातांचा आणि डोळ्यांचा पांढरेपणा उठून दिसला पाहिजे. मग खांद्याला खांदा लावून, टाचा उचलून, डोळे विस्फारून आणि दात दाखवत रांगेत डुलत गातात. निवड तरुण मुली करतात.

या रांगेतली डोकी पाहण्यासारखी असतात. याकेमध्ये फेटा घट्ट आणि उंच बांधलेला, काहींच्या फेट्यावर निमुळती टोपी, आणि समोर किंवा शेंड्यावर शहामृगाचं पीस सरळ उभं. पुरुष उंच आणि सडपातळ दिसावा, ही सगळी धडपड त्यासाठी. रांग डुलते तेव्हा माणसं फार हलत नाहीत, पिसं हलतात. गेरेवोलमध्ये उघड्या छातीवर मण्यांच्या माळा, कपाळाभोवती कवड्यांची पट्टी आणि तिच्यात खोचलेलं पीस. या कवड्या मूळच्या हिंदी महासागरातल्या, मालदीवकडून व्यापाऱ्यांनी पश्चिम आफ्रिकेत नेलेल्या, एके काळी तिथलं चलनच. पिसांची मात्र आता अडचण आहे. त्या भागातले रानटी शहामृग शिकारीमुळे जवळजवळ संपले, त्यामुळे जुनी पिसं जपून, वडिलांकडून मुलाकडे जातात. एखाद्या वोदाबे टोपीवर पीस झिजलेलं, दोऱ्याने पुन्हा बांधलेलं दिसलं तर ती दुरुस्ती म्हणजे खराबी समजू नये. मी तर ती दुरुस्ती कधीच काढत नाही.

गंमत म्हणजे जी टोपी रोज डोळे झाकते तीच इथे चेहऱ्याला चौकट बनते. एकच वस्तू, पण वर्षातल्या दोन ऋतूंत तिचं काम उलट.

मालीत तिला आणखी एक प्रसंग आहे. नायजर नदीच्या देशाच्या आतल्या त्रिभुज प्रदेशात पावसाळ्यानंतर पुराचं पाणी ओसरलं की उत्तरेच्या कोरड्या रानांत गेलेली गुरं परत येतात. जाफाराबे गावाशी ती पोहत नदी पार करतात. कोणत्या कळपाने कधी उतरायचं हे पाण्याची पातळी बघून मोठ्यांच्या बैठकीत ठरतं. ही व्यवस्था 19व्या शतकाच्या सुरुवातीला सेकू अमादू या फुलानी धर्मगुरूने तिथे मासिनाचं राज्य उभारलं त्या काळापासून चालत आली. गुरं परतण्याच्या या उत्सवांना, याराल आणि देगाल यांना, युनेस्कोने 2005 मध्ये मानवजातीच्या मौखिक वारशात स्थान दिलं. कित्येक महिने बाहेर राहिलेला पोरगा गुरं धष्टपुष्ट करून आणतो, त्याच्या गाईंबद्दलची गाणी तो म्हणून दाखवतो, आणि गाव त्याच्याकडे बघत असतं. त्या दिवशी डोक्यावर चांगली, नवं लाल चामडं लावलेली टोपी हवी. रानातली जुनी वेगळी, ही वेगळी. तुमच्याकडची दुसऱ्या प्रकारची असावी, कारण आतल्या बाजूला घामाचा काळपट पट्टा अजिबात नाही. किंवा ती थेट दुकानातून तुमच्या वडिलांकडे आली असेल, आणि माझा कल त्याकडेच आहे.

बायकांचं थोडक्यात सांगून चालणार नाही, पण मूळ प्रश्न टोपीचा असल्याने मर्यादेत सांगतो. ही टोपी पुरुषांची म्हणूनच ओळखली जाते. शहरांतल्या नाचाच्या पथकांत हल्ली मुलीही घालतात, तो नवा भाग. फुलानी बाईच्या डोक्यावर रोज असतो तो दुधाचा भोपळा. सुकवून कोरलेल्या भोपळ्यात दूध-दही भरायचं, चुंबळीवर ठेवायचं आणि बाजार गाठायचा. त्या दुधाचे पैसे तिचे. तिची प्रतिष्ठा केसांत दिसते. वोदाबे बाया कपाळावर केसांचा मोठा गोळा बांधतात. गिनीच्या फुता जालोन डोंगराळ भागात केस तुऱ्यासारखे उंच उभारण्याची जुनी पद्धत होती, तिला जुबादे म्हणतात. मालीतल्या मोप्ती आणि जेने भागात श्रीमंत घरच्या बाया सोन्याच्या पत्र्याच्या, चार पाकळ्या पिळून केलेल्या भल्यामोठ्या कर्णभूषणांसाठी ओळखल्या जात. त्यांचं वजन कानाच्या पाळीला पेलत नाही, म्हणून डोक्यावरून दोरा किंवा पट्टी घेऊन ती तोलतात. वेण्यांत चांदीची जुनी फ्रेंच नाणी आणि अंबराचे, म्हणजे झाडांच्या अश्मीभूत राळेचे, मोठाले पिवळे मणी. त्या मण्यांविषयी व्यवसायातली एक गोष्ट सांगतो. ‘आफ्रिकन अंबर’ म्हणून जे विकलं जातं त्यातलं पुष्कळसं 20व्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपात बनलेलं फिनॉलिक राळेचं प्लास्टिक असतं. तरी ते खोटं म्हणून टाकून देऊ नये. तीन पिढ्यांनी केसांत माळलेलं प्लास्टिकही वारसाच असतं. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला आणि पुन्हा 1984च्या सुमारास साहेलमध्ये, म्हणजे सहाराच्या दक्षिणेच्या याच कोरड्या पट्ट्यात, दुष्काळ पडले, गुरं मेली, तेव्हा कितीतरी घरांतलं सोनं आणि खरं अंबर विकलं गेलं. पॅरिस-लंडनच्या दुकानांत ते तेव्हाच मोठ्या संख्येने दिसू लागलं.

आता सरदारांकडे येऊ, कारण घरातल्या त्या नावामागे काहीतरी असू शकतं. कानोचा अमीर हा वंशाने फुलानीच. 1804 मध्ये उस्मान दान फोदियो या फुलानी विद्वानाने उत्तर नायजेरियात जिहाद पुकारला, हौसा राजे गेले आणि सोकोतोची खिलाफत उभी राहिली. तिथल्या बहुतेक अमिरांची घराणी तेव्हापासून फुलानी आहेत, जरी घरात आता हौसा बोलली जाते. पण या सत्ताधाऱ्यांनी गुराख्याची टोपी डोक्यावर ठेवली नाही. त्यांनी फेटा घेतला. पद देणं म्हणजे फेटा बांधणं. अमीर किंवा त्याच्या वतीने कुणी दरबारात, सगळ्यांदेखत, नव्या सरदाराच्या डोक्याला हात-हात कापड गुंडाळतो, शेवटचा वेढा हनुवटीखालून तोंडावर घेतो. राजघराण्यातल्या माणसाच्या फेट्याला वर दोन टोकं काढतात, सशाच्या कानांसारखी. ती सगळ्यांना काढता येत नाहीत. म्हणजे कानोत डोक्यावरचं कापड पाहून माणसाचा दर्जा कळतो, गवताची टोपी पाहून त्याचा धंदा कळतो.

कानोचाच फेटा म्हणावा असा एक प्रकार हातात घेऊन बघण्यासारखा असतो. कुरा गावातला. बोटभर रुंदीच्या सुती पट्ट्या शिवून लांब कापड करतात, निळीत बुडवतात, आणि मग निळीची भुकटी शिंपडत लाकडी मोगऱ्यांनी तासन्‌तास कुटतात. शेवटी कापडाला जांभळट, धातूसारखी चकाकी येते, ते कागदासारखं कुरकुरतं आणि हातावर निळा डाग सोडतं. तुआरेगांना तेच हवं असतं, डागासकट. कानोतल्या कोफार माता वेशीजवळच्या नीळकुंडांची परंपरा 1498 पासूनची सांगतात. तुमच्या वडिलांच्या सामानात असं निळं, कडक कापड असेल तर कृपा करून धुऊ नका. धुतलं की चकाकी गेली.

गिनीत परत वेगळं. फुता जालोनमधले फुलानी शेकडो वर्षांपासून वस्ती करून राहिलेले, त्यांच्यात मशीद आणि ग्रंथाला मान. तिथे प्रतिष्ठित माणसाच्या डोक्यावर पुतो नावाची भरतकामाची सुती टोपी असते, शंकूची गवती टोपी नाही.

आणखी एक गोष्ट सांगणं भाग आहे, मग ती कटू असली तरी. गेल्या दहा-पंधरा वर्षांत ही टोपी अनेक ठिकाणी संशयाची खूण झाली आहे. गवताळ राने कमी झाली, शेती वाढली, चराईच्या जुन्या वाटा नांगराखाली गेल्या, आणि शेतकरी-गुराखी भांडणांना बंदुका मिळाल्या. नायजेरियाच्या बेन्वे राज्याने 2017 मध्ये मोकळ्या चराईवर कायद्याने बंदी घातली. तिथल्या वृत्तपत्रांतल्या व्यंगचित्रांत ‘फुलानी’ दाखवायचा तर निमुळती टोपी, काठी आणि बंदूक काढली की झालं. मध्य मालीत जिहादी गटांनी फुलानी तरुण ओढले, आणि त्याचा सूड निरपराध वस्त्यांवर उगवला गेला. 23 मार्च 2019 रोजी ओगोसागू गावात दीडशेहून अधिक फुलानी माणसं मारली गेली. ज्या ठिकाणी चेहरा, नाव आणि पेहराव बघून माणूस शत्रू ठरतो, तिथे डोक्यावरच्या टोपीचा अर्थ कारागीर ठरवत नाही, घालणाराही ठरवत नाही. त्याच काळात लागोस, अक्रा, पॅरिस, अटलांटामधल्या घरांच्या भिंतींवर या टोप्या शोभेला लागत आहेत, चार-पाचच्या जुडग्याने. मला त्यात चूक काही दिसत नाही, फक्त विकत घेताना ती कुठली हे विचारावं.

त्यावरून तुमच्या मुलीच्या प्रश्नाकडे. घालू द्या. ही पूजेची किंवा दीक्षेची वस्तू नाही, परक्याने घातली तर विटाळ होतो असं काही नाही, बाजारात कुणालाही मिळते. पण ‘आफ्रिकन टोळीप्रमुख’ म्हणून नको, अंगाला काळा रंग फासून तर मुळीच नको. साधे सुती कपडे, डोक्याला फडकं, हातात काठी, आणि ‘मी नायजेरियातला फुलानी गुराखी’ एवढं तिने सांगितलं की पुरे. मात्र मूळ टोपी देऊ नका, शाळेतून ती तुटूनच परत येईल. तिच्यासाठी पुठ्ठ्याची करा, लाल कागदाचे पट्टे लावा. शिक्षकांना फरक कळणार नाही.

राहिली निगा. सगळ्यात आधी ती खिळ्यावरून काढा. एवढ्या वर्षांत सगळं वजन बंदावर आणि काठाच्या दोन बिंदूंवर आलंय, उसवायचं कारण तेच. काठ मोकळा ठेवून शंकूला आतून आधार हवा: जुन्या, अनेकदा धुतलेल्या मांजरपाटात कापूस भरून शंकूच्या आकाराची उशी शिवा आणि तिच्यावर टोपी बसवा. ऊन आणि ट्यूबलाइट दोन्हींपासून लांब, ज्वारीचा लाल रंग प्रकाशाने उडतो. बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, नाशिकच्या पावसाळ्यात त्या भिंती दमट होतात.

बुरशीवर ओलं फडकं फिरवायचा मोह होईल. फिरवू नका, लाल रंग गवतात उतरेल आणि तो डाग जन्मात निघणार नाही. कोरड्या दिवशी, पंखा नसलेल्या हवेशीर जागी, नाकाला मास्क बांधून, मऊ ब्रशने बुरशी झटका, शक्यतो गॅलरीत. गवताला छोटी भोकं किंवा खाली पिवळट भुसा दिसला तर कीड आहे. टोपी दोन प्लास्टिक पिशव्यांत हवाबंद करून डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा, मग बाहेर काढून पिशवी न उघडता एक दिवस खोलीच्या तापमानाला येऊ द्या. आधी उघडली तर गार चामड्यावर दव धरतं. डांबरगोळ्या नकोत, कडुनिंबाचं तेल नको, बुटाचं पॉलिश तर अजिबात नको. लोक चामडं ‘मऊ करायला’ तेल लावतात, ते तेल गवतात झिरपतं, काळं पडतं आणि धूळ धरून ठेवतं. चामड्याला हात लावल्यावर बोटांना तांबडी भुकटी लागत असेल तर तो झाडांच्या सालीने वा शेंगांनी कमावलेल्या जुन्या कातड्याचा नेहमीचा आजार आहे. घरगुती इलाज नाही, हात कमी लावणं एवढंच. उसवलेला काठ फेविकॉलने चिकटवू नका. सुती दोऱ्याने, जुन्याच भोकांतून, सैलसर टाके घाला, नवीन भोक पाडू नका.

शेंड्याजवळ आत एक शिवून बंद केलेली, बोटाच्या पेराएवढी चामड्याची पुडी तुमच्या तिसऱ्या फोटोत दिसते. तो बहुधा ताईत आहे, आत कुराणातल्या ओळी लिहिलेला कागद असू शकतो. तो उघडू नका. असलाच तर वर मी ‘दुकानातून थेट आली’ म्हटलं त्यावर मला पुन्हा विचार करावा लागेल, कारण दुकानदार ताईत शिवून विकत नाही. त्या पुडीचा जवळून, बाजूने प्रकाश टाकून एक फोटो पाठवा. आणि वडील असतील किंवा त्या काळचे त्यांचे सहकारी असतील तर आत्ताच विचारून घ्या: टोपी कानोच्या कुर्मी बाजारातून घेतली की कुणी दिली, कोणत्या वर्षी, किती नायरांना. ते एका कार्डावर पेन्सिलीने लिहा आणि सुती दोऱ्याने बंदाला बांधा, चिकटपट्टीने नको.